मदत हवी आहे: 6 पीपीसी रायफलीचा ग्रुप उभा पसरतो

दूरदेशी:
नमस्कार. मी टेक्सासमध्ये राहतो आणि येथील क्लबातून बेंचरेस्ट, म्हणजे रायफल मेजावर टेकवून नेमबाजी करण्याच्या स्पर्धांत उतरतो. जुनी, पण उत्तम अवस्थेतील 6 पीपीसी काडतुसाची रायफल घेतली आहे. 100 यार्डांवर पाच गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पुंजका, डावी-उजवीकडे पाव इंचाच्या आत राहतो, मात्र वर-खाली अर्ध्या इंचाहून अधिक पसरतो. स्पर्धा तोंडावर आली आहे. नळी बदलावी की स्कोप, एवढेच कृपया सांगावे.

वाऱ्याचा_माग:
आपण रायफलीचा वजनाचा वर्ग लिहिलेला नाही. लाइट व्हार्मिंटमध्ये स्कोपसह वजन 10.5 पौंडांच्या आत लागते, हेवी व्हार्मिंटमध्ये 13.5 पौंडांच्या आत. त्यामुळे काय बदलता येईल हे वर्गावरच ठरते. रायफलीखालचा पुढचा रेस्ट (टेकू) आणि मागची वाळूची बॅग कोणती आहे? आपल्या आणि लक्ष्याच्या मध्ये वाऱ्याची निशाणे लावता का? माझ्या मते नवीन नळीच्या खर्चाआधी चांगली निशाणे घ्यावीत, कारण आडवा वारा गोळीला केवळ बाजूला नेत नाही, थोडी वर किंवा खालीही नेतो.

लेथवाला:
असहमत. उजव्या पिळाच्या (आतल्या खाचा उजवीकडे वळणाऱ्या) नळीतून सुटलेली गोळी उजवीकडच्या वाऱ्याने डावीकडे व वर जाते आणि डावीकडच्या वाऱ्याने उजवीकडे व खाली, म्हणजे घड्याळातील 10 आणि 4 यांना जोडणाऱ्या तिरक्या रेषेत ग्रुप पसरतो. येथे तो सरळ उभा आहे. नळीच्या तोंडाशी ट्यूनर (फिरवून जुळवायचे वजन) बसवावा, म्हणजे नळीची कंपने ताब्यात येतील.

वाऱ्याचा_माग:
10.5 पौंडांच्या रायफलीत ट्यूनरचे वजन कोठून आणणार? आणि मूळ कारण शोधण्याआधी ट्यूनर फिरवत बसलो, तर बिघाड कशाचा होता हे कधीच कळत नाही.

करवीरकर:
आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारात श्वास किंचित चुकला तरी नेम वर-खाली जातो. आपण श्वासावर आणि स्लिंगच्या (दंडाला अडकवायच्या पट्ट्याच्या) ताणावर लक्ष द्यावे.

खटका:
करवीरकर, तो प्रकार वेगळा आहे. बेंचरेस्टमध्ये रायफल पूर्णपणे बॅगांवर टेकलेली असते, स्लिंग नसते, आणि 'फ्री रिकॉइल' पद्धतीत नेमबाज जेमतेम दोन औंसांच्या ट्रिगरला बोट लावण्यापलीकडे रायफलीला स्पर्शही करत नाही.

मॅग्नम_प्रेमी:
30 बीआर काडतूस घ्यावे. मोठ्या व्यासाची गोळी कागदावर मोठे छिद्र पाडते.

खटका:
त्याचा लाभ गुणांच्या स्पर्धेत होतो, जेथे छिद्राची कड रेषेला लागली तरी गुण मिळतो. ग्रुपच्या स्पर्धेत अंतर केंद्रापासून केंद्रापर्यंत मोजतात. लुई पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल यांनी 1970 च्या दशकात .220 रशियन काडतुसावरून घडवलेले 6 पीपीसी या कामात आजही आघाडीवर आहे. काडतुसाला दोष देऊ नये.

दूरदेशी:
वर्ग लाइट व्हार्मिंट. स्कोप 36 पट, स्थिर. पुढची बॅग कडक भरलेली आहे. मागची मऊ आहे, साधी बारीक वाळू घातलेली. फ्री रिकॉइलनेच झाडतो. मूळ प्रश्न तसाच आहे: नळी की स्कोप?

खटका:
दोन्ही नाही, निदान आधी नाही. मऊ बॅग प्रत्येक गोळीनंतर थोडी दबते, आणि मग रायफल दरवेळी वेगळ्या रीतीने मागे सरकते. रिकामी रायफल बॅगांवर ठेवून स्कोपमधला क्रॉसहेअर (नेमाची फुली) एका ठिपक्यावर आणावा, हाताने दोन इंच मागे ओढावी आणि पुन्हा रेस्टवरच्या पुढच्या स्टॉपपर्यंत (अडणीपर्यंत) ढकलावी. क्रॉसहेअर त्याच ठिपक्यावर परतला पाहिजे. दरवेळी सरकत असेल, तर मागची बॅग जड वाळूने घट्ट भरून तिचे कान (वरचे दोन उंचवटे) चांगले ठोकून बसवावेत. मागे ओढताना तो डावी-उजवीकडे भरकटत असेल, तर रेस्ट आणि बॅग एका रेषेत नाहीत. स्कोपची शंका उरलीच, तर तो भरवशाच्या दुसऱ्या रायफलीवर चढवून पाहावा.

लेथवाला:
बॅगेचा मुद्दा मला मान्य आहे, ट्यूनर नंतर पाहू. मात्र जुन्या रायफलीत फायरिंग पिनची स्प्रिंग थकलेली असते. प्रायमरवर (काडतुसाच्या बुडातील ठिणगी देणाऱ्या टोपीवर) फायरिंग पिनचा आघात कमी-जास्त झाला की गोळीचा वेगही कमी-जास्त होतो, आणि ग्रुप असाच उभा पसरतो. स्प्रिंग नळीच्या मानाने फार स्वस्त आहे. ॲक्शन (रायफलीची बोल्टची यंत्रणा) कोणती आहे, हे आपण अजून लिहिलेले नाही; त्याशिवाय कोणती स्प्रिंग घ्यावी हे सांगता येणार नाही.