दिवाळीत सात दिवस सायकलवर: कोकण किनारा, लेह की आणखी कुठे?

चाकवत

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे, आधीच सांगून ठेवतो.

आम्ही चौघं. मी ४६, बायको ४३, लेक १४ आणि मेहुणा (वय सांगत नाही पण गुडघा सांगतो). कोथरूडला राहतो, रविवारी पौड-मुळशी करून येतो, म्हणजे आमचे ७०-८० किमी आरामात होतात, लेकीचे ४० झाले की ती "अजून किती" सुरू करते. दिवाळीच्या सुट्टीत सात-आठ दिवस सायकलवर जायचं असं यंदा ठरलंय आणि कुठे यावर घरात चार मतं आहेत.

मला पुण्याहून ताम्हिणी उतरून किनाऱ्याकिनाऱ्याने गोवा करायचंय, कॉलेजपासून डोक्यात आहे. मेहुण्याला मनाली-लेह. बायकोचं म्हणणं कुठेही न्या, पण संध्याकाळी गरम पाणी आणि माशाचं जेवण हवं. लेकीची अट एकच, एक पूर्ण दिवस सायकलला हातही लावायचा नाही.

सायकली: माझी आणि बायकोची हायब्रीड, ३५ चे टायर (म्हणजे ३५ मिमी रुंद). लेकीची ७ गिअरची, जड आहे. मेहुण्याची रोड बाईक, २५ चे टायर, चालवतो कमी आणि पुसतो जास्त. सामान स्वतः न्यायचं का गाडी बरोबर ठेवायची तेही ठरत नाहीये. ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा प्लीज, यूट्यूब बघून झालंय, तिथे सगळे हसतच असतात.

उतारावरचा

दोनदा केलाय किनारा, एकदा पूर्ण गोव्यापर्यंत आणि एकदा अर्ध्यात सोडून आलो, तेव्हा दोन्ही बाजू सांगतो.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे समुद्राच्या कडेने रस्ता म्हणजे सपाट. नकाशावर बघितलं की वाटतं काय मस्त, डावीकडे माड, उजवीकडे पाणी. तसं असतं पण मधेमधे, दोन-चार किमी. बाकी काय होतं की दर थोड्या अंतरावर एक खाडी, खाडीपाशी रस्ता पाण्याला टेकतो, आणि पलीकडे गेलात की थेट सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर चढतो, मग सडा संपला की पुन्हा खाली. हे दिवसातून पाच-सहा वेळा. एकही चढ सिंहगडाएवढा नाही, पण चौथ्या चढाला ते कळत नाही हो, आणि काही ठिकाणी इतका उभा आहे की मी मुकाट्याने उतरून ढकललीये. आंजर्ल्याहून बाहेर पडताना माझ्या मित्राने कोकणातल्या समस्त रस्तेबांधणीचा उद्धार केला होता, तोही श्वास पुरत नसल्यामुळे तुटक तुटक.

तेव्हा पुण्यात ८० होतात तर इथे ५० धरा, लेकीचे ३०-३५. पुणे ते तेरेखोल, म्हणजे गोव्याची हद्द, किनाऱ्याने सहाशेच्या आसपास जातं. सात दिवसांत करायचं म्हणजे रोज पंच्याऐंशीच्या आसपास, तुम्ही आणि मेहुणा रेटून कराल एक वेळ, पण मग ती सुट्टी राहत नाही, ड्युटी होते.

ताम्हिणीचं म्हणाल तर सुंदर आहे पण माणगावपर्यंत शंभरच्या वर किमी आणि त्यात समुद्राचं नखही दिसत नाही. पहिलाच दिवस, सुट्टीची गर्दी, गाड्या, उतारावर ब्रेक धरून धरून लेकीचे हात दुखणार. तो टप्पा टेम्पोत टाका, कॉलेजच्या स्वप्नाला कोणी विचारत नाही.

आणि मेहुण्याला सांगा २५ च्या टायरवर येऊ नकोस. रस्ते पूर्वीपेक्षा बरेच झालेत पण पावसाळ्यानंतर दिवाळीपर्यंत खड्डे बुजलेले असतीलच असं नाही. निदान ३२ तरी बसतात का बघ म्हणावं. मागच्या चाकाच्या कॅसेटमध्ये (गिअरच्या चकत्या) सगळ्यात मोठी चकती ३४ दात्यांची असेल तर गुडघा दुवा देईल. ब्रेक पॅड नवीन टाका आणि एक जोडी जास्तीची ठेवा, मी अर्ध्यात सोडून आलो ते त्यामुळेच, लाल मातीचा चिखल आणि उतार मिळून चार दिवसांत पॅड खलास झाले होते आणि त्या मापाचे रत्नागिरीशिवाय मिळणार नव्हते.

खिंडवेडा

मेहुण्यासाठी लिहितोय. मी मनाली-लेह केलंय, सायकलवर, दहा दिवसांत, आणि परत करणार आहे, त्यामुळे मी त्याच्या बाजूचाच माणूस आहे. पण दिवाळीत नाही!! तो सीझन जून ते सप्टेंबर. दिवाळीला तिथे तंबूवाले गाशा गुंडाळून खाली उतरलेले असतात आणि बर्फ पडला की खिंडी बंद.

दुसरं म्हणजे उंची. अटल बोगदा २०२० ला सुरू झाल्यापासून लोकांना वाटतं रोहतांग वाचला म्हणजे सोपं झालं. अहो पुढे बारालाचा, नकी ला, लाचुलुंग ला या खिंडी आहेतच, आणि शेवटी तांगलांग ला ५३०० मीटरच्या वर. सरचूला तुम्ही सव्वाचार हजार मीटरच्या आसपास झोपता. मी तिथे रात्रभर बसून होतो, आडवं झालं की कोणीतरी छातीवर बसल्यासारखं. आमच्यात सगळ्यात फिट जो होता, मॅरेथॉनवाला, तोच उलट्या करत जीपमधून खाली गेला. फिटनेसचा आणि त्याचा संबंध नाही, शरीराला दिवस द्यावे लागतात, आणि तुमच्याकडे आहेत सात. १४ वर्षांच्या पोरीला घेऊन पहिलीच ट्रिप तिथे? मी तरी नेणार नाही.

म्युनिकचा मोरू

विषयांतर होतंय का माहीत नाही पण पुढच्या उन्हाळ्यासाठी लिहून ठेवतो. आम्ही इथून डॅन्यूब केली, पासाऊ ते व्हिएन्ना, तीनशेच्या वर किमी, आई-बाबा पुण्याहून आले होते आणि बाबा ६८ वर्षांचे. नदीच्या कडेनेच बहुतेक सगळा रस्ता, प्रवाहाच्या दिशेने जायचं म्हणजे असलाच तर उतार, वारा बऱ्याचदा पाठीवर. पासाऊला सायकली भाड्याने घेतल्या, व्हिएन्नात परत केल्या. बाबांना इ-बाईक. वाखाऊ म्हणून भाग आहे मेल्क आणि क्रेम्सच्या मधे, द्राक्षांचे मळे आणि जर्दाळूच्या बागा, तिथे बाबा दर दोन किमीला "थांब, फोटो" करत होते.

सायकलींचा रस्ता वेगळा असणं म्हणजे काय ते तिथे कळतं. आई, जी पुण्यात रिक्षाशिवाय कर्वे रोड ओलांडत नाही, ती दोन्ही हात सोडून चालवायचा प्रयत्न करत होती (पडली, लागलं नाही). मे ते सप्टेंबर यायचं, दिवाळीत थंडी आणि लवकर अंधारून येतं. व्हिसाचं लवकर बघायचं, आणि शाकाहारी असाल तर चीज आणि बटाटा एवढंच जेवण समजा.

उतारावरचा

मोरू, बाबांना दंडवत. ६८!

सड्यावरचा

गुहागर तालुक्यातला आहे, रोज तेच चढ चढतो, पण एसटीने 😀

वरचे चढांचं खरं बोलतायत. पण फेरीबोटींचं कोणीच लिहिलं नाही, आणि सायकलवाल्याला तीच तर मजा. बागमांडला-वेसवी, मग दाभोळ-धोपावे, मग तवसाळ-जयगड. रस्त्याने मोठा फेरा पडतो आणि बोटीने तुम्ही दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे. सायकल कठड्याला टेकवायची आणि वारा खात उभं राहायचं. गर्दीत गाड्यांची रांग लांबते, सायकल पुढून आत जाते.

उत्तरेकडून सगळं करायचा हट्ट सोडा. कराड, कुंभार्ली घाट, चिपळूण असं टेम्पोने गुहागरला या. रात्री पोचा, सकाळी किनाऱ्यावर चाला, मग निघा. वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळला. हेदवीला देवळाच्या पुढे बामणघळ आहे, कातळाला फट आहे आणि भरतीला लाट आत घुसली की पाणी सरळ वर उडतं. भरतीची वेळ विचारूनच जा, नाहीतर नुसती फट बघून याल आणि मला शिव्या द्याल. पलीकडे जयगडला बंदराचे ट्रक असतात, निवळीच्या रस्त्याला तर फारच, तुम्ही तिकडे वळायचंच नाही, मालगुंडवरून गणपतीपुळ्याकडे या. मालगुंड म्हणजे केशवसुतांचं गाव, घर बघता येतं.

पुळे ते रत्नागिरी आरे-वारेवरून. हा एक तुकडा असा आहे की जो तुमच्या यूट्यूबवाल्यांसारखाच दिसतो, वरून वळणावर आल्यावर खाली दोन्ही किनारे एकदम उघडतात. तिथे सकाळी सातला असा, दहाला नाही, दहाला सेल्फीवाले.

जेवणाचं. दुपारी एकला दारात उभं राहून "ताट आहे का" विचारलं तर गावात मिळेलच असं नाही. सकाळी निघतानाच पुढच्या मुक्कामाला फोन करून माणसं किती, मासे का शाकाहारी ते सांगायचं. घरगुती आहेत सगळे, तुम्ही सांगितल्यावर बाजार करतात.

दिवाळी ऑक्टोबरात आली तर ऊन वाईट असतं, दमट, शर्ट पिळून काढावा लागतो, आणि परतीचा पाऊस एखादी सर टाकून जातो. पहाटे उजाडलं की निघा आणि अकराला थांबा. नोव्हेंबरात असेल तर प्रश्नच नाही, सकाळी गारवा असतो.

नारळीपौर्णिमा

बायकोच्या आणि लेकीच्या बाजूने कोणीतरी लिहायला हवं म्हणून मी.

आम्ही पाच मैत्रिणींनी रत्नागिरी ते मालवण केलंय, सगळ्या चाळिशीच्या पुढच्या. रत्नागिरीच्या खाली गर्दी एकदम कमी होते हो. पावस, पूर्णगड, कशेळी. कशेळीला कनकादित्याचं देऊळ सगळे करतात पण सड्यावर कातळात कोरलेला हत्ती आहे, प्रचंड, आणि त्याच्या पोटात आणखी प्राणी. जवळ उभं राहिलं की काही कळतच नाही, नुसत्या रेघा, आमची एक जण त्याच्या सोंडेशी बसून "कुठाय हत्ती" विचारत होती.

आता कामाचं. सड्यावर सावली नाही, दुकान नाही, पाणी नाही, आणि बायकांना आडोसाही नाही. पिवळं गवत आणि काळा कातळ, लांबपर्यंत. त्यामुळे गाव आलं की पाणी भरून घ्यायचं आणि कुठल्याही घरी विचारायचं, मला आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही, उलट एका आजींनी सायकली बघून आधी "गाडी बंद पडली का?" विचारलं आणि मग कोकम सरबत दिलं. पॅडवाली चड्डी लेकीसाठी आत्ताच घ्या आणि महिनाभर वापरू द्या, नवी कोरी तिथे घातलीत तर दुसऱ्या दिवशी ती सायकलवर बसणार नाही. पाळीची तारीख मधे येत असेल तर सुट्टीचा दिवस त्या हिशोबाने ठेवा, हे पुरुष मंडळी प्लॅनिंगच्या एक्सेलमध्ये कधीच घालत नाहीत.

सुट्टीचा दिवस मालवणला. किंवा असं करा, शेवटचे दोन्ही मुक्काम मालवणलाच, एक दिवस नुसतं लोळायचं आणि सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडीने जायचं, दुसऱ्या दिवशी ज्यांना खाज आहे त्यांनी सामान ठेवून तारकर्लीपर्यंत रिकाम्या सायकलने जाऊन यावं. तो रस्ता खरंच सपाट आहे.

परतीचं आत्ताच ठरवा. आम्ही खासगी बसच्या डिकीत सायकली आडव्या टाकल्या, वर कोणाचीतरी तांदळाची पोती आली, पुण्यात उतरवल्या तर दोघींचे डिरेलरचे (गिअर बदलणारा भाग) हँगर वाकलेले आणि बसवाला म्हणतो आधीच होते. तुमचा टेम्पो आहे तर तोच परत बोलवा, पैसे जास्त जातील पण भांडण होणार नाही.

खिंडवेडा

टेम्पो रोज बरोबर ठेवला तर कसं? सामानही त्यात जाईल आणि लेक दमली की तीही.

नारळीपौर्णिमा

ठेवा, पण तो मुक्कामाला पुढे पाठवून द्या. मागे मागे फिरायला लागला की प्रत्येक चढाला माणूस वळून बघतो. आमच्या एकीने तर चढ सुरू व्हायच्या आधीच हात करायला सुरुवात केली होती.

चाकवत

बापरे, मी दोन ओळींच्या उत्तरांची अपेक्षा केली होती. सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं.

ठरलेलं असं: टेम्पोने कुंभार्लीवरून गुहागर. मग हेदवी, तवसाळची फेरी, गणपतीपुळे, रत्नागिरी, कशेळीच्या आसपास कुठेतरी एक मुक्काम, विजयदुर्ग, कुणकेश्वर, मालवण. रोज ३५ ते ४५ च्या मधे बसवायचा प्रयत्न. सामान टेम्पोत, टेम्पो पुढे. मालवणला दोन रात्री. गोवा गेला, जरा वाईट वाटलं, पण बायकोने विचारलं की गोव्यात नेमकं काय करायचं होतं तर मला उत्तर देता आलं नाही, "पोचायचं होतं" एवढंच.

लेक मोरूच्या आईंची फॅन झालीये. मेहुणा रुसलाय, पण काल टायरची किंमत विचारून आला म्हणजे येतोय. त्याच्या फ्रेममध्ये ३२ बसत नाहीत, २८ बसतात, चालतील का?

सड्यावरचा, एक शेवटचं विचारायचं होतं, फेरीत सायकल चढवताना काही काळजी?

उतारावरचा

२८ चालतील, हवा जरा कमी ठेवायला सांगा. आणि दोन जास्तीच्या ट्यूब, त्याच्या मापाच्या वाटेत मिळणार नाहीत.

सड्यावरचा

आधी गाड्या उतरू द्यायच्या. मग सायकलवरून उतरून हातात धरून चढा, तो लोखंडी उतार ओला आणि शेवाळलेला असतो. बसून ऐटीत चढणारे आम्ही जेट्टीवर उभं राहून बघत असतो.