नेमून दिलेल्या किनाऱ्यावरची फेरी : तुमचे अनुभव लिहा

सुरूचं_बन
काल समुद्रावर चपलेला डांबर लागलं. खोबरेल चोळत बसले आणि कॉलेजचे दिवस आठवले. तेव्हा आम्हा पोरापोरींना किनाऱ्याचा एकेक तुकडा वाटून दिला होता. माझा ओढ्याच्या तोंडापासून सुरूच्या बनापर्यंत. ओहोटी धरून चालायचं आणि वहीत लिहायचं : भरतीच्या रेषेवर काय काय आलंय, मेलेले पक्षी, डांबराचे गोळे, वाळू किती खचली. फोटो मात्र दरवेळी त्याच कातळावर उभं राहून. आधी वाटायचं, यात रोज नवीन काय दिसणार? पावसाळ्यात वाळू गेली आणि खालचे गोटे उघडे पडले, तेव्हा घाबरून सरांना फोन केला. ते म्हणाले, थंडीपर्यंत थांब. खरंच, दिवाळीनंतर वाळू हळूहळू परत आली. पावसाळी लाटा ती आत ओढून नेतात, समुद्र निवला की परत आणून टाकतात. एकदाच येऊन बघणाऱ्याला हे कळायचंच नाही. कुणी असं काही केलंय का? कासववाले असतीलच इथे.

पहाटपाखरू
कासववाला हजर! आमचा सीझन साधारण नोव्हेंबर ते मार्च. उजाडायच्या आत पुळणीवर, नाहीतर कुत्री आपल्या आधी पोचतात. ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग पाण्यातून वर आलेला दिसला की झोप उडते. ऑलिव्ह रिडले, म्हणजे आपल्याकडे येणारी कासवीण, डावं-उजवं वल्हं आलटून पालटून टाकते, म्हणून नक्षी तिरकी पडते. कधी नुसताच माग, खड्डा नाही. म्हणजे बाईसाहेब जागा बघून परत गेल्या. घरटं असेल तर काठीने अगदी हलकं चाचपायचं, भुसभुशीत लागलं की काठी बाजूला आणि हाताने उकरायचं. शंभरच्या आसपास अंडी, ओली, पिंगपाँगच्या चेंडूएवढी. ती न फिरवता, न हलवता हॅचरीत, म्हणजे अंडी राखायच्या कुंपणात, तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची. पुढे ४५ ते ६० दिवस वाट बघायची. वाळू जास्त तापली तर माद्याच जास्त निघतात, त्यामुळे हॅचरीवर सावलीची जाळी.

गोट्याची_आई
"बाईसाहेब जागा बघून परत गेल्या" 😂😂

बंदरावरचा
कासवांचं नाही, पण २०१० लिहितो. ७ ऑगस्टला मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया या बोटींची धडक झाली. तेल सांडलं, कंटेनर सुटले, बिस्किटांचे पुडे किनाऱ्याला लागायला लागले. लोक पिशव्या घेऊन निघाले. काही कंटेनरमध्ये कीटकनाशक होतं, ते कोण बघतोय! आमचा ग्रुप तेल कुठपर्यंत आलंय ते नोंदवायला गेलेला, आणि दिवसभर काम काय केलं, तर "काकू, ते खाऊ नका."

गोट्याची_आई
चहा-कॉफीपण आली होती म्हणे. आमच्या शेजाऱ्यांनी... जाऊ दे. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

निळा_फुगा
पावसाळ्यात किनाऱ्यावर निळे फुगे येतात ना, पोर्तुगीज मॅन ओ' वॉर, आम्ही ते मोजायचो. मेलेले दिसले तरी हात लावायचा नाही, धागे नंतरही डंख मारतात. पोरांना सांगून घसा बसायचा.

तांडेल_पुतण्या
सगळं किनाऱ्यावरच बघू नका मंडळी, जाळ्यातही बघा. कासव अडकलं तर काका जाळं कापून सोडतात. २०१८ पासून सरकार २५ हजारांपर्यंत भरपाई देतं, पण फोटो लागतो. बोट हलतेय, कासव वल्ही मारतंय, एका हातात सुरी, दुसऱ्यात मोबाईल. काकांच्या पहिल्या फोटोत फक्त त्यांचा अंगठा. पैसे अजून आले नाहीत, कासव गेलं एवढं खरं.

पहाटपाखरू
काकांना नमस्कार सांग रे. गुहागरचं वाचलंस ना? २०२१ मध्ये ओडिशात बिल्ला मारलेली ०३२३३ नंबरची मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्याची कासवं तिकडचीच असं धरून चालायचे लोक. कुणीतरी वाकून नंबर वाचला म्हणून कळलं.

नवखा_०९
सुरूताई, ओहोटीची वेळ कशी काढायचात? ॲप?

सुरूचं_बन
कुठलं ॲप! तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी म्हणजे आठ पाऊणे सहा, सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी.

तांडेल_पुतण्या
अष्टमीला भांग असते ताई, म्हणजे भरती-ओहोटी लहान, पाणी फारसं आत जातच नाही. लांबवर चालायचं तर अमावास्या-पौर्णिमा धरा.

नवखा_०९
आठ पाऊणे सहा... पाऊणकी कोण शिकवतं आता 😅

गोट्याची_आई
आले. गोट्याला मे महिन्यात कोकणात वेळासला न्यायचं म्हणतेय, कासवाची पिल्लं बघायला.

पहाटपाखरू
मे उशिराचा होईल वहिनी, मार्च-एप्रिलमध्ये या. सकाळ-संध्याकाळ घरट्यावरची टोपली उचलतात. खाली पिल्लं निघतीलच असं नाही, म्हणून एक मुक्काम जास्तीचा धरा. फ्लॅश नको, आणि दोरीच्या अलीकडेच उभं राहायचं, गोट्यालाही सांगून ठेवा.

गोट्याची_आई
मार्चमध्ये परीक्षा आहे हो त्याची. एप्रिलचं बघते.