शाळेच्या वाचनालयाची पुस्तकं: यादीवरून घ्यावीत की वाचून?

ऐरोलीची आई
मुलाच्या शाळेतल्या पुस्तक निवड समितीत पालक म्हणून माझं नाव आहे. एका विक्रेत्याने १०० पुस्तकांचा तयार संच भरघोस सवलतीत देऊ केलाय आणि बहुतेकांचा कल तिकडेच आहे. मी संच चाळून बघितला. प्रत्येक गोष्टीखाली तात्पर्य, अक्षर इतकं बारीक की दुसरीतलं पोर पहिल्याच पानावर कंटाळेल. एका गोष्टीतला कोल्हा चौथ्या पानावर तपकिरी, पाचव्यावर राखाडी! माझं मत स्पष्ट आहे: समितीतल्या निदान एकाने जे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेलं नाही, ते घ्यायचंच नाही. तुम्हाला काय वाटतं?

कळव्याच्या बाई
तळमळ पटते, अट पटत नाही. मी सरकारी प्राथमिक शाळेत शिकवते. समग्र शिक्षा योजनेत आमच्यासारख्या शाळेला वाचनालयासाठी वर्षाला जेमतेम ५,००० रुपये. दोन वर्ग सांभाळून, पोषण आहाराच्या नोंदी करून मी शेकडो पुस्तकं कधी वाचू? जाणकारांनी वाचून केलेल्या याद्या आहेत ना. टाटा ट्रस्ट्सचा 'पराग' हा बालसाहित्याचा उपक्रम आहे, त्याची चांगल्या बालपुस्तकांची सन्मान यादी २०२० पासून निघते. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून दिला जातो. तिथून सुरुवात करा.

ऐरोलीची आई
बाई, परागची यादी हिंदी-इंग्रजी पुस्तकांची आहे. अकादमीचा पुरस्कार वर्षाला मराठीतल्या एकाच पुस्तकाला किंवा लेखकाला. एवढ्यावर मराठी शाळेचं कपाट कसं भरायचं? यादी तोकडी पडली की आपण विक्रेत्याच्याच दारात उभे.

नौपाड्याचा ग्रंथपाल
यादीने वाईट पुस्तकं गळतात, पण चांगलं पुस्तक कुठल्या मुलाच्या हाती द्यायचं ते तिला कळत नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली, त्यातलं एक 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक'. त्यासाठी मुलाची वाचनपातळी माहीत हवी. सोपी रीत सांगतो. मुलाला एक पान वाचायला द्या, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट. पाचही बोटं संपली तर पुस्तक जड. शिवाय प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर पातळीची रंगीत पट्टी लावा.

घणसोलीचा मास्तर
पट्टीला माझा ठाम विरोध. आमच्याकडे लाल पट्टी म्हणजे सगळ्यात सोपं. चौथीतला एक मुलगा लाल पट्टीचं पुस्तक दप्तरात उलटं खुपसून न्यायचा, कुणी बघू नये म्हणून. ही पट्टी पुस्तकाला लागत नाही, पोराला लागते. आणि पाच बोटांचं म्हणाल तर माझ्या वर्गात घरी आगरी बोलणारी मुलं आहेत, कानडी, हिंदी बोलणारीही. प्रमाण मराठीतला शब्द अडला म्हणजे गोष्ट कळली नाही, असं कसं? ओळखीच्या खाडीची, मासळीची गोष्ट असली तर हीच मुलं अडत अडत शेवटपर्यंत जातात.

नौपाड्याचा ग्रंथपाल
तसं असेल तर पट्टी आतल्या पानावर लावा, फक्त शिक्षकाला दिसेल अशी. पण पातळी अजिबात बघायची नाही हे मी मान्य करणार नाही. मागे पडलेल्या मुलाला सलग तीन जड पुस्तकं मिळाली तर ते वाचनालयाकडे फिरकायचं नाही.

कळव्याच्या बाई
मी करते ते सांगते. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेचं 'स्टोरीवीव्हर' हे मुलांच्या गोष्टींचं संकेतस्थळ २०१५ पासून आहे. मराठी गोष्टी फुकट, छापून घ्यायलाही परवानगी. पहिली पातळी साधारण २५० शब्दांपर्यंत, अशा चार पातळ्या. 'किशोर' मासिकाचे जुने अंकही ऑनलाइन मिळतात. आधी वर्गात मोठ्याने वाचून दाखवते. मुलं जी गोष्ट पुन्हा मागतात, तसल्या पुस्तकांवर पैसे घालते. सगळं वाचायची गरज पडत नाही.

ऐरोलीची आई
हे पटलं, पण मग वाचून निवडणंच झालं ना! फक्त निवडणारी मुलं. समितीपुढे हेच मांडते.

घणसोलीचा मास्तर
मांडाच. आणि संचवाल्याला आधी विचारा, मुलांना नको असलेली पुस्तकं बदलून देणार का. नाही म्हणाला तर सवलत किती याला अर्थ नाही.