अनुभव धागा : फ्रान्समधल्या आपल्या गल्लीतली बेकरी

फ्रान्समध्ये राहणाऱ्या किंवा काही काळ राहून आलेल्या मंडळींनी आपल्या घराजवळच्या बेकरीविषयी इथे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. नावाजलेल्या दुकानांची माहिती सर्वत्र मिळते. जिथून आपण रोजचा पाव आणता, त्या जागेबद्दल वाचायला आवडेल. सुरुवात मी करते.

लियाँमध्ये आमच्या इमारतीखालीच बुलांजरी, म्हणजे पावाची बेकरी, आहे. तिथे मी साध्या बगेतऐवजी (लांब, काठीसारखा पाव) तिचाच पारंपरिक पद्धतीचा प्रकार ‘त्रादिसिओं’ घेते. १९९३ च्या सरकारी आदेशानुसार या पावात रासायनिक पदार्थ मिसळता येत नाहीत आणि त्याचे मळलेले पीठ कोणत्याही टप्प्यावर गोठवता येत नाही, त्यामुळे सारी चव गव्हाचे पीठ, पाणी, मीठ आणि आंबवण्याला दिलेला वेळ यांवर ठरते. कुरकुरीत कवचाच्या आत किंचित पिवळसर, लहानमोठ्या छिद्रांचा गर असतो आणि त्याला हलका आंबूस वास येतो. दुसऱ्या दिवशी हा पाव वातड होतो, म्हणून रोज जावेच लागते. आणि रोज गेल्यामुळेच मला खरपूस भाजलेला पाव लागतो, हे दुकानातल्या बाईंना आता सांगावे लागत नाही.

पॅरिसहून : पॅरिसमध्ये दरवर्षी उत्कृष्ट बगेतची स्पर्धा होते आणि विजेत्याला वर्षभर राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे प्रासादाला पाव पुरवण्याचा मान मिळतो. अशा एका विजेत्या दुकानातून मी मुद्दाम मेट्रोने जाऊन बगेत आणली होती. ती उत्तमच होती, तरीही संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीत नुकतीच भट्टीतून निघालेली, हाताला चटका देणारी बगेत मला अधिक प्रिय आहे. तिचे टोक घरी पोहोचण्याआधीच मोडून खाणे ही इथल्या लोकांचीही रीतच आहे.

नाँतहून : आम्ही अंडे खात नाही, म्हणून हे आवर्जून लिहितो. बगेतमध्ये सहसा अंडे, दूध किंवा लोणी नसते. क्रुआसाँला (चंद्रकोरीसारखा पदरांचा पाव) मात्र चकाकी यावी म्हणून वरून बहुधा अंडे लावतात आणि ब्रिओश या मऊ, गोडसर पावाच्या तर पिठातच अंडी असतात, तेव्हा विचारून घ्यावे. माझी पत्नी अंडे खाते. तिच्या मते लोण्याच्या क्रुआसाँचे पदर साटे लावलेल्या चिरोट्यासारखे सुटतात, फक्त यीस्टमुळे ते आतून मऊ राहतात.

तुलूझहून : जानेवारीत बेकरीत ‘गालेत दे रुआ’ मिळू लागतो. पदरांच्या गोल आवरणात बदामाचे सारण भरलेले असते आणि त्यात ‘फेव्ह’ नावाची एक छोटी चिनीमातीची वस्तू दडवलेली असते. घरातले सर्वांत लहान मूल टेबलाखाली बसून कोणता तुकडा कोणाला द्यायचा ते सांगते. माझे सासरे साताऱ्याहून आले होते, तेव्हा नातीने त्यांचे नाव घेतले आणि फेव्ह नेमकी त्यांच्याच तुकड्यात निघाली. फेव्ह मिळेल त्याने घालायचा, सोबत मिळालेला पुठ्ठ्याचा सोनेरी मुकुट त्यांनी जेवण संपेपर्यंत उतरवला नाही. पुढे ते रोज सकाळी स्वतः पाव आणायला जाऊ लागले. ‘बोंजूर’ आणि ‘मेर्सी’ एवढ्यावर त्यांचे व्यवस्थित भागत असे.

सर्वांचे आभार. उरलेल्या बगेतचे काय करता, तेही लिहावे. आमच्याकडे तिची फोडणीची पोळी होते तशी, कांदा आणि कढीपत्ता घालून न्याहारी होते.