पुण्याच्या आमटीने अंगावर गांधी, नाशिकच्या आमटीने काहीच नाही. लेकीला नेमकं काय बाधतंय?

नाशिकची_आई

मुलगी अडीच वर्षांची. तान्ही असल्यापासून इसब आहे, कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत. दूध, अंडं, गहू, दाण्याचं कूट, सगळं खाते. घोडं अडलंय ते आमटीपाशी.

माहेरी पुण्याला गेलो आणि आमटीभात भरवला की अर्ध्या तासाच्या आत तोंडाभोवती लाल होतं, मग मानेवर, पोटावर गांधी उठतात आणि बाई डोळे चोळत बसतात. मागच्या खेपेला उलटीही झाली. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या अँटिहिस्टामिनच्या सिरपने उतरतं. नाशिकला आमच्याकडे तीच तूरडाळ रोज शिजते, लसूण-जिऱ्याची फोडणी पडते, आणि पोरगी वाटी चाटूनपुसून रिकामी करते.

घरात आरोपींची यादी मोठी आहे. सासूबाई म्हणतात तूरडाळ पित्तकर, पण मग ती इथे कशी पचते? नवऱ्याचा संशय पुण्याच्या पाण्यावर. मला वाटलं आमसूल, कारण आम्ही चिंच घालतो. आमसुलाशिवाय आमटी करून पाहिली, तरी गांधी आल्याच. आईने मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. गांधींनी तिलाही जुमानलं नाही.

आता गंमत बघा. आईच्याच हातचं साधं वरण-भात-तूप खुशाल चालतं. भरल्या वांग्याचा रस्सा पोळीला नुसता पुसून दिला तर ओठ सुजला. मटकीची उसळ मात्र एकदा चालली, एकदा नाही. इथे माझं डोकं चालेनासं झालं.

रक्त घेऊन शे-दोनशे पदार्थांची यादी देणारं एक पॅकेज कुणीतरी सुचवलंय. करावं का? आणि तोवर काय काय बंद करू? सगळंच बंद केलं तर पोर खाणार काय?

उपासाची_खिचडी

शेंगदाणा बघा हो. रश्श्यात कूट सगळेच लोटतात, आणि फरसाण तर दाण्याच्या तेलातच तळलेलं असतं.

नाशिकची_आई

साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याचा लाडू दोन्ही मागून मागून खाते. दाणा निर्दोष सुटला.

बाकरवडीबंद

ताई, डाळ सोडा, मसाल्याचा डबा उघडा. वरण चालतं, आमटी आणि भरलं वांगं चालत नाही. यात फरक गोड्या मसाल्याचा. आणि गोड्या मसाल्यात भाजलेला तीळ असतो. उसळीचंही तेच असणार, एकदा गोडा मसाला पडला असेल, एकदा नुसतं तिखट-मीठ. आईंना विचारून बघा.

आमचा मुलगा आता पाच वर्षांचा आहे. त्याचं निदान व्हायला उशीर झाला, कारण तीळ आपल्याकडे दिसतो तेव्हा कुणी विचारतच नाही आणि दिसत नाही तेव्हा कुणाला सुचत नाही. अळूवडीवर दिसतो, थालीपिठावर दिसतो. बाकरवडीच्या सारणात, कांदा-लसूण चटणीत, इडलीबरोबरच्या पोडीत कुटलेला असतो. त्यात आणखी घोळ म्हणजे आख्खा तीळ पोरं न चावता गिळतात, तो तसाच बाहेर पडतो, त्रास कमी होतो किंवा होतच नाही. कुटलेल्यातलं प्रथिन मात्र थेट पोटात. त्यामुळे 'अहो, परवा चकलीवरचे तीळ खाल्ले की त्याने!' हा पुरावा आमच्याकडे बरेच दिवस ग्राह्य धरला जात होता.

टेस्टचंही सांगतो. त्वचेवर टोचून करतात त्या टेस्टमध्ये बाटलीतल्या अर्काने आमचा तीळ निगेटिव्ह आला. तिळातली काही प्रथिनं तेलकट भागात असतात, ती पाण्यात काढलेल्या अर्कात नीट उतरत नाहीत. डॉक्टरांनी मग ताज्या तिळाच्या पेस्टमध्ये सुई बुडवून तीच टेस्ट केली आणि मनगटाजवळ टम्म फुगलं. तेव्हा निगेटिव्ह कागद बघून निर्धास्त होऊ नका, काय खाल्लं आणि किती मिनिटांनी काय झालं हे लिहून घेऊन जा. माझी वही कागदांपेक्षा जास्त उपयोगी पडली. वहीत 'आमटी' लिहू नका, आमटीत काय काय पडलं ते लिहा.

ते पॅकेज नको. त्यातली बरीचशी रक्तातलं आयजीजी नावाचं प्रतिपिंड मोजतात. ते आपण नेहमी खातो त्या पदार्थाचं असायचंच. ॲलर्जीसाठी आयजीई हे वेगळं प्रतिपिंड बघतात, तेही लक्षणांशी जुळवून.

मसालेवाली_काकू

मी घरगुती मसाले करून विकते. माझ्या गोड्या मसाल्यात किलोभर धण्यांना पाव किलो तीळ आणि तेवढंच सुकं खोबरं पडतं, शिवाय खसखस, दगडफूल, नागकेशर, तमालपत्र वगैरे. म्हणजे चिमूटभर नव्हे, चांगला सणसणीत तीळ.

आईने बिनतिळाचा मसाला करायचं ठरवलं तर डंकावर पाठवू नका, घरच्या मिक्सरवर करा. डंकावर आधीच्या गिऱ्हाइकाचा मसाला पुढच्याच्या डब्यात थोडा उतरतोच, कितीही झाडा. ज्यांच्या मुलाला गव्हाचं वावडं आहे त्यांनी हिंगाची डबीही वाचावी, बांधानी हिंगात बहुधा मैदा असतो.

ओपीडी_संपली

बालरोगतज्ज्ञ आहे, पण मुलीला तपासलेलं नाही, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

तिळाचा संशय रास्त वाटतो. खाल्ल्यावर काही मिनिटांपासून साधारण दोन तासांत अशी लक्षणं येणं हे आयजीई प्रकारच्या ॲलर्जीचं रूप आहे. खात्री होईपर्यंत तीळ आणि गोडा मसाला बंद. बाकी जे आज ती बिनबोभाट खातेय, ते भीतीपोटी काढून घेऊ नका. इसब असलेल्या मुलांत पचणारा पदार्थ उगाच बंद केल्याने पुढे त्याचीच ॲलर्जी झाल्याचं आढळतं.

'थोडासा देऊन बघू' हा प्रयोग घरी नको. तो दवाखान्यात, देखरेखीखाली करतात. गांधींबरोबर उलटी झाली होती हे तुमच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा, ते मला हलकं वाटत नाही. पुढे कधी आवाज घोगरा झाला, शिट्टीसारखा श्वास, सतत खोकला, पोर अचानक मलूल, यातलं काहीही दिसलं तर सिरपवर विसंबू नका. तिथे मांडीत ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन लागतं. १०८ ला फोन करा किंवा जवळचं रुग्णालय गाठा. ऑटोइंजेक्टर, म्हणजे घरी टोचायचं तयार भरलेलं पेन, आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून घरी काय ठेवायचं आणि कोणी टोचायचं हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. त्वचेच्या टेस्टआधी अँटिहिस्टामिन काही दिवस थांबवावं लागतं, तेही त्यांना विचारूनच.

पाकिटांबद्दल एक. एफएसएसएआयच्या (आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) २०२० च्या लेबल नियमांत ॲलर्जीकारक म्हणून जाहीर करायच्या यादीत दूध, अंडं, मासे, कोळंबी वर्ग, शेंगदाणे, सोयाबीन, ग्लूटेनची धान्यं वगैरे आहेत, तीळ नाही. अमेरिकेत तो २०२३ पासून बंधनकारक आहे. त्यामुळे 'ॲलर्जी' ही चौकट वाचून भागत नाही, घटकांची पूर्ण यादी वाचा, आणि तिथे नुसतं 'मिश्र मसाले' असेल तर सोडून द्या.

मालिश कशाने करता? तिळाच्या तेलाने असेल तर तेही थांबवा.

नाशिकची_आई

आईला फोन केला. गोडा मसाला आमटीत, वांग्यात आणि त्या दुसऱ्या मटकीत. पहिल्या मटकीच्या वेळी मसाला संपला होता. आम्ही नाशिकला धणे-जिऱ्याची पूड वापरतो, बाकी काही नाही.

मालिशचं तेल तिळाचंच आहे, आजीने खास घाण्यावरून आणलेलं. बाटली आता देवाच्या दिव्यासाठी. डॉक्टरांची वेळ सोमवारची मिळाली आहे, वही कालच सुरू केली.

एक विचारायचं राहिलं. संक्रांतीनंतर भाच्याचं बोरन्हाण आहे. तिथे तिळगूळ, हलव्याचे दागिने, सगळी पोरं जमिनीवरचं वेचून तोंडात टाकणार. हिला नेऊच नको का?

मसालेवाली_काकू

आधी डॉक्टरांचा निकाल येऊ दे. न्यायचंच झालं तर वहिनीशी आत्ताच बोला. लुटायला चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे ठेवायला सांगा. हलवा साबुदाण्यावर किंवा मुरमुऱ्यावरही चढवतात, पण विकतचा असेल तर त्याच कढईत आधी तिळाचा झालेला असतो, म्हणून तोही नको. आणि तिळगुळाची वाटी वर फडताळात, आल्यागेल्या मोठ्यांपुरती.