मदत हवी आहे : दोन ट्रान्सफॉर्मरमधील भिंत स्फोटाचा दाब सोसेल का?

आमच्या कारखान्याच्या १३२/३३ केव्ही उपकेंद्रात दुसरा ५० एमव्हीए ट्रान्सफॉर्मर बसवायचा असून, जागेच्या अडचणीमुळे दोहोंमधील अंतर ७ मीटरच राहते. प्रत्येकात सुमारे २५ हजार लिटर खनिज तेल असल्याने आयईसी ६१९३६-१ या उच्चदाब विद्युत केंद्रांच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार भिंतीविना किमान १० मीटर अंतर हवे. शिवाय केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांत चार तास आग थोपवणाऱ्या भिंतीची तरतूद आहे. म्हणजे भिंत बांधावी लागणार, याबद्दल वाद नाही.

खरा प्रश्न स्फोटाचा आहे. टाकीच्या आत आर्किंग (विजेची प्रखर ठिणगी) झाले की तेलाचे विघटन होऊन क्षणार्धात वायू तयार होतो. जादा दाब सोडणारा प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह उघडेपर्यंत टाकीचा सांधा फाटू शकतो आणि पोर्सिलेन बुशिंगचे (टाकीतून वीजवाहक बाहेर आणणाऱ्या इन्सुलेटरचे) धारदार तुकडे दूरवर उडतात. चार तासांचे मानांकन आगीपुरते असते, या धक्क्याबद्दल ते काहीच सांगत नाही. अशा वेळी आरसीसी भिंतीच्या संकल्पनात वाऱ्याच्या भाराव्यतिरिक्त किती दाब धरावा? पोलादी खांबांत सरकवलेले प्रीकास्ट (आधीच ओतून तयार केलेले काँक्रीटचे) पॅनेल चालतील का? (ठेकेदाराला तेच हवे आहेत, कारण उघड आहे.)

भिंत कॉन्झर्व्हेटरपेक्षा (ट्रान्सफॉर्मरवरच्या छोट्या तेलटाकीपेक्षा) उंच नेल्यास रेडिएटरची हवा अडते, म्हणून तिच्यापासून किती मोकळी जागा सोडावी, हेही कळवावे. जुन्या सोक पिटमधील (सांडलेले तेल मुरवणाऱ्या खड्ड्यातील) खडी गाळाने भरली आहे. ती मात्र आम्ही बदलून घेत आहोत. असे काम प्रत्यक्ष केलेल्या स्थापत्य वा विद्युत अभियंत्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.