अ‍ॅडलेड ते ब्रूम, ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकमधून (ओसाड अंतर्भागातून) : गाडीत दारू नेण्याबद्दल सल्ला हवा आहे

गोदाकाठ :
नमस्कार मंडळी. जुलैमध्ये मोठी रजा टाकून गाडीने निघतोय. अ‍ॅडलेड, कूबर पेडी, उलुरू, अ‍ॅलिस स्प्रिंग्ज, डार्विन, मग कनुनुरा, हॉल्स क्रीक, फिट्झरॉय क्रॉसिंग करत ब्रूम. गाडी भाड्याची, फोर-व्हील ड्राइव्ह. आई-बाबा नाशिकहून आलेत, तेही सोबत आहेत. बाबांना जेवणाआधी एक पेग लागतो. येताना त्यांनी ड्यूटी-फ्रीमधून व्हिस्की आणली आहे. माझ्या मित्राला बिअर हवी. पोलीस रस्त्यात गाडी बघतात का, किती बाटल्या चालतात, आणि खडबडीत रस्त्यावर त्या टिकवायच्या कशा? सरकारी साइट्स वाचल्या, पण प्रत्येक राज्याचं निराळंच आहे. त्या बाजूला राहणाऱ्यांनी किंवा जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावं.

लालमाती :
अ‍ॅलिसमध्ये बरीच वर्षं राहतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या वाटेवरच्या, डार्विनपर्यंत जाणाऱ्या स्टुअर्ट हायवेवरून सरळ जाताना स्वतःपुरती सीलबंद दारू गाडीत असायला हरकत नाही. खरी काळजी हायवे सोडल्यावर घ्यायची. मूलनिवासींच्या वस्त्यांकडे, म्हणजे इथे ज्यांना सगळे कम्युनिटी म्हणतात तिकडे, वळणाऱ्या रस्त्यावर मोठा निळा फलक दिसेल. त्या फलकापलीकडे एक कॅनसुद्धा न्यायचा नाही. सील फोडलेलं नाही, डिकीत तळाशी आहे, आम्ही फक्त पेट्रोल भरायला आलो, यातलं काहीही चालत नाही. दारू ओतून टाकतात, दंड होतो, आणि गाडी जप्त करण्याचाही अधिकार पोलिसांना आहे. भाड्याची गाडी अशी गेली तर पुढचं सगळं तुमच्या गळ्यात.

आडवाटेला जायचं तर लँड कौन्सिलचा, म्हणजे मूलनिवासींच्या जमिनीचा कारभार बघणाऱ्या संस्थेचा, परवाना लागतो : मध्य भागासाठी सेंट्रल, वर डार्विनकडे नॉर्दर्न. दारूची अट त्या परवान्यावरच लिहिलेली असते. ती वाचा, आणि परवान्याचा कागद छापून गाडीत ठेवा, कारण मध्येच शेकडो किलोमीटर फोनला रेंज नसते. उलुरूला लागून असलेल्या मुटिजुलू वस्तीतही दारूबंदी आहे.

आता विकत घेण्याबद्दल. नॉर्दर्न टेरिटरीत, म्हणजे अ‍ॅलिस आणि डार्विन ज्या प्रांतात येतात तिथे, कुठल्याही बॉटल शॉपमधून दारू घ्यायची तर प्रत्येकाचं फोटो ओळखपत्र स्कॅन होतं. ज्यांना दारू विकत घ्यायला बंदी आहे अशांची नोंदवही असते, त्यात नाव नाही ना हे बघतात. बाबांचा मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. अ‍ॅलिस, टेनंट क्रीक आणि कॅथरिनमध्ये दुकानाच्या दारात पोलीस खात्याची माणसं उभी असतात. कुठे राहता, ही दारू कुठे पिणार, असं विचारतात. कॅरव्हॅन पार्कचं किंवा हॉटेलचं बुकिंग दाखवलं की काम होतं. बाबांना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे ऐनवेळी अपमान वाटणार नाही. अ‍ॅलिसमध्ये २०२३ च्या जानेवारीपासून सोमवार-मंगळवारी दुकानातून बाटली मिळणं बंद केलं आणि इतर दिवशी दुपारी तीन ते सात एवढीच वेळ ठेवली. हे नियम मधूनमधून बदलतात, म्हणून निघायच्या आठवड्यात सरकारी पान पुन्हा उघडून बघा.

गावात बागेत किंवा नदीकाठी बाटली उघडू नका. परवानाधारक दुकानापासून दोन किलोमीटरच्या आत सार्वजनिक जागी पिणं हा इथे गुन्हा आहे.

आणि एक कळकळीची विनंती. दुकानाबाहेर कोणी पैसे पुढे करून ‘माझ्यासाठी एक आण’ म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. बंदी असलेल्या माणसाला जाणूनबुजून दारू पुरवणं गुन्हा आहेच, पण त्या बाटलीमुळे रात्री कोणाच्या घरात काय होतं ते मी इथल्या दवाखान्यात सकाळी बघते.

मुळाकाठ :
पण हे वंशभेदी नाही का? आपल्याला परवानगी आणि त्यांच्या घरात मनाई?

लालमाती :
प्रश्न रास्त आहे. याची दोन टोकं आहेत.

२००७ च्या जूनमध्ये तेव्हाचे पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्या सरकारने नॉर्दर्न टेरिटरीत ‘इंटरव्हेन्शन’ (केंद्राचा थेट हस्तक्षेप) आणलं, तेव्हा वस्त्यांवर सरसकट बंदी वरून लादली गेली, आणि त्यासाठी वंशभेदविरोधी कायदा स्थगित केला गेला. त्याचा राग लोकांच्या मनात अजून आहे, आणि तो मला पटतो.

दुसरं टोक तुमच्याच वाटेवर आहे. फिट्झरॉय क्रॉसिंगमध्ये आत्महत्या आणि मारहाणीने गाव खचलं होतं. तेव्हा तिथल्या बायकाच पुढे आल्या. बुनुबा समाजाच्या जून ऑस्कर त्यांच्यातल्या एक, त्या पुढे मूलनिवासींच्या सामाजिक न्याय आयुक्त झाल्या. या बायकांनी परवाना अधिकाऱ्यांकडे मागणी केली, आणि २००७ च्या ऑक्टोबरपासून तिथे घरी न्यायला २.७ टक्क्यांपेक्षा जास्त तीव्रतेची दारू मिळेनाशी झाली. २००९ मध्ये हॉल्स क्रीकलाही तोच नियम आला. गावातल्या काहींचा विरोध होता, धंदेवाल्यांचा तर होताच, तरी त्या मागे हटल्या नाहीत. आपल्याकडे ‘आडवी बाटली’साठी मतदानाला रांगा लावणाऱ्या बायका आठवा, गडचिरोलीचं दारूबंदी आंदोलन आठवा. तिथून जाताना आपण गाडीत बाटल्या लपवून त्यांच्या अंगणात शिरणार का, एवढंच मी स्वतःला विचारते. बंदी कोणी आणली यावर वाद घालावा, जरूर घालावा. पण फलक ओलांडून नव्हे.

मुळाकाठ :
फिट्झरॉयचं माहीत नव्हतं. धन्यवाद ताई.

पिलबरा_पांथस्थ :
बांधाबांधीबद्दल. पक्क्या हायवेवर काही होत नाही, पण कच्च्या रस्त्यावर ज्या आडव्या लाटा असतात, कॉरुगेशन, त्या गाडी तासन् तास थरथरवतात. अ‍ॅल्युमिनियमचे कॅन एकमेकांवर घासून झिजतात आणि सुईच्या टोकाएवढं भोक पडतं. वरून खोका शाबूत दिसतो, खाली सगळं चिकट. कॅन उभे ठेवा, प्रत्येकाला जुना पायमोजा चढवा, मधल्या फटीत टॉवेल खुपसा. काचेची बाटली शक्यतो नकोच. फुटली तर सामान, टायर, पाय सगळ्यांनाच धोका. वाइन हवी तर खोक्यातली पिशवी घ्या, पण ती खोक्यातून बाहेर काढू नका, नाहीतर तीही घासून फाटते.

व्हिस्की साध्या प्लॅस्टिकच्या बाटलीत ओतून नेऊ नका. तपासणीत आत काय आहे हे समजावत बसावं लागतं. मूळ बाटली, मूळ झाकण, जाड कपड्यात गुंडाळून डिकीत, आणि गॅसच्या शेगडीपासून लांब. चाळीस टक्क्यांची दारू तापलेल्या गाडीत सांडली तर तिची वाफ पेट घेऊ शकते.

फ्रिजमध्ये आधी पाणी, मग औषधं, मग जेवण, जागा उरली तर बिअर. पाणी माणशी रोज पाच-सात लिटर धरा आणि दोन दिवसांचं जास्तीचं ठेवा. गाडी बंद पडून उन्हात वाट बघायची वेळ आली तर बिअरने तहान भागत नाही, उलट अंगातलं पाणी कमी होतं.

कोरल_केर्न्स :
क्वीन्सलंडमध्ये येणार नाही आहात, तरी पुढे हा धागा कोणी वाचेल म्हणून लिहितो. केप यॉर्कच्या अनेक वस्त्यांमध्ये दारू नेण्याची मर्यादा आहे, काही ठिकाणी तर शून्य. ही मर्यादा गाडीमागे असते, माणसांवर मोजत नाहीत. पाच जण आहात म्हणून पाचपट, असा हिशेब धरू नका.

शल्यविशारद :
दोन गोष्टी. चालकासाठी रक्तातल्या दारूची मर्यादा ०.०५ टक्के, लर्नर आणि पी-प्लेटवाल्यांना (नवशिक्या परवानाधारकांना) शून्य. रात्री उशिरापर्यंत बसलात तर सकाळी सहाला रक्तात दारू असू शकते, आणि श्वासचाचणी कुठेही होते. जो चालवणार त्याने आदल्या रात्री हात आखडता घ्यावा. बाबांना मधुमेहाची किंवा झोपेची गोळी असेल तर पेगबद्दल त्यांच्या डॉक्टरांना निघण्याआधी विचारा. इथे जवळचं इस्पितळ चार-पाच तासांवर असू शकतं.

गोदाकाठ :
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलंय : व्हिस्कीची एकच बाटली, बिअर रोडहाऊसवर बसूनच, आणि हायवे सोडायचा नाही. कनुनुराच्या सीमेवर चौकी आहे म्हणतात, तिथे दारू बघतात का?

पिलबरा_पांथस्थ :
ती चौकी शेतीच्या रोगराईसाठी आहे. दारूशी त्यांना देणंघेणं नाही, पण एस्की (बर्फाची पेटी) आणि फ्रिज उघडून बघतात. फळं, भाज्या, मध काढून घेतात, तेव्हा आईंना लिंबं आणि भाजी अलीकडेच संपवायला सांगा. मसाल्याच्या डब्यातले अख्खे धणे, मोहरीही दाखवा. पुढे कनुनुरात बाटली घ्यायची तर तिथेही ओळखपत्र स्कॅन होतं आणि किती घेता यावर मर्यादा असते. हॉल्स क्रीकला मुक्काम असेल तर मित्राला सांगा, दुकानात फक्त हलकी बिअर मिळेल. नेहमीची हवी तर हॉटेलच्या बारमध्ये बसून.